हरण्याची दुवा

मी आयुष्यात दोनदा फुटबॉलचा संघ बाद केला. एकदा थर्मासने आणि एकदा कानाने.

थर्मासचं आधी सांगते. आमच्या पेठेत ते अजून सांगतात, तेव्हा मीच सांगितलेलं बरं. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मी वाईची एक दीडशहाणी मुलगी होते. गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि फुटबॉल म्हणजे मोठ्या माणसांचा दंगा एवढीच माहिती. नवरा आमच्या तालमीच्या संघाचा गोलकीपर. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तिचा फुटबॉल संघ असतो आणि पेठेत आलेल्या सुनेनं माहेर विसरलं तरी चालतं, संघ विसरून चालत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सामना बघायला बसले, तर बाकीचे घामाघूम होऊन पळतायत आणि आमचे हे दोन खांबांमध्ये कंबरेवर हात ठेवून उभे. मला वाटलं, यांना आज काही काम दिलेलं दिसत नाही. चहाची वेळ झालीच होती. थर्मास घेऊन मी थेट गोलच्या मागे गेले आणि म्हटलं, "अहो, गरम आहे तोवर घ्या." हे वळले. पाठीमागून चेंडू आत गेला. तालीम चषकातून बाद झाली. सासऱ्यांनी दिवाळीपर्यंत माझ्या हातचा चहा घेतला नाही, आणि अपमान कुणाचा झाला म्हणाल तर मला वाटत होतं, माझा. चहा नाकारला म्हणून. अशी ती बया होती. आज भेटली तर मीच तिच्या हातातला थर्मास काढून घेईन.

पुढे चाळीस वर्षं त्याच माणसाबरोबर सामने बघून बघून मी सुधारले. इतकी, की शेवटी शेवटी रेफरीला शिव्या देताना तेच माझा पदर ओढून मला खाली बसवायचे.

दुसऱ्यांदा मी बाद केला तो संघ फ्रान्समधला होता, मी बसले होते कतारमध्ये, आणि संघ प्रत्यक्षात बाद झालेलाच नव्हता. तरी एका बाईला मी ती बातमी दिली आणि ती ऐकून तिने मला गोड खाऊ घातलं. माझा कतारचा प्रवास म्हणजे एवढंच. उंच इमारती आणि वाळवंटातल्या गाड्यांच्या उड्या ज्यांना बघायच्या असतील त्यांनी माझ्या सुनेचे फोटो मागावेत, तिच्याकडे भरपूर आहेत.

नजमा

हे गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात समीरनं, माझ्या मुलानं, मला दोह्याला नेलं. तो गॅस कंपनीत आहे, अल नस्र भागात राहतो. वर्ल्डकपला अजून एक वर्ष होतं आणि सगळं शहर लग्नघर झालं होतं: पाहुणे यायचेत म्हणून मांडव घालताहेत आणि घरातल्यांना पाय ठेवायला जागा नाही. आज गेलेला रस्ता उद्या बंद. क्रेन इतक्या, की आकाशाला टाके घातल्यासारखं दिसायचं. समीर सकाळी मास्क लावून जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. नातीला मराठी सगळं कळतं, पण मी विचारलं, "जेवलीस का गं?" की उत्तर इंग्रजीत. मी आपली सोळाव्या मजल्यावर खिडकीशी. माणूस गेल्यावर घरात जी शांतता येते ती विमानात बसून आपल्यामागे येते, हे मला तिथे कळलं.

सुनेचा शिंपी नजमामध्ये होता. ती जुनी वस्ती. एकेका खोलीत आठ-आठ पुरुष राहतात, खाली किराणा, केस कापायची दुकानं, चहाची कॅफेटेरिया. तिथल्या चहाला करक म्हणतात. तो आपला 'कडक'च आहे, अरबांनी 'ड'चा 'र' केलाय एवढंच. मी गेले तेव्हा निम्मी गल्ली रिकामी होती. दारांवर लाल रंगाच्या फुल्या, बाहेर गाद्यांचे ढीग. वर्ल्डकपच्या आधी पाडायची होती म्हणे.

शिंप्याच्या दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. डोक्यावर ओढणी, नाकावर घसरलेला चष्मा, हातात मोबाइल. मोबाइलवर हिरवं मैदान आणि मुंगीएवढी माणसं. फुटबॉल चालू असताना स्कोअर न विचारता पुढे जाणं मला जमत नाही. हिंदीत विचारला. तिने मान वर केली नाही, पण मोबाइलला म्हणाली, "सोड मेल्या तो बॉल, सोड."

परमुलखात आपल्या भाषेतली शिवी ऐकली की जीव कसा गार होतो. मी मराठीत विचारलं, "तुमचा संघ कुठला?"

"ज्याच्यात माजा नातू हाय तो," ती म्हणाली. "तो हरायला पायजे."

तिचं नाव खैरून, गल्लीत सगळे आपा म्हणायचे. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावची, पण मुलगा नझीर इथे एका ठेकेदार कंपनीत कारकून, म्हणून अर्धं आयुष्य नजमात गेलेलं. तिची बोली मला जशीच्या तशी लिहिता येत नाही. कानात जेवढी उरली तेवढी लिहिते. नातू आरिफ. त्याची आई तो रांगत होता तेव्हाच गेली, त्याला वाढवलं खैरूनआपानं. याच गल्लीत तो खेळायला शिकला. गल्ली अरुंद, लाथ मारली की चेंडू कुणाच्या तरी खिडकीत, म्हणून पोरं हातानेच लांब लांब फेकायची. त्यातून आरिफचा थ्रो, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकणं, असा तयार झाला की तो थ्रो नव्हे, कॉर्नरच. आता तो फ्रान्समध्ये होता. मासळी साठवणुकीचा कसलासा दोन वर्षांचा कोर्स करायला समुद्राकाठच्या एका लहान गावी गेला आणि तिथल्या हौशी संघात घुसला. संघात एक पाववाला, एक पोस्टमन, दोन शाळामास्तर. अध्यक्ष खाटीक. जिंकलं की तो प्रत्येकाला डुकराच्या मांसाच्या सॉसेजची माळ देतो, आरिफला त्याऐवजी चीजची चकती.

हा संघ त्यांच्या राष्ट्रीय चषकात खेळत होता. हा चषक मला फार आवडला, म्हणून दोन शब्द. त्यात देशातले हजारो क्लब उतरतात, खेडेगावातलेसुद्धा. पहिल्या फेऱ्या उन्हाळा सरता सरता सुरू होतात, मोठे व्यावसायिक क्लब हिवाळ्यात येतात, तोवर लहानांनी एकमेकांना बाद करत राहायचं. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात. बरोबरी झाली की जादा वेळ नाही, सरळ पेनल्ट्या. शेवटपर्यंत टिकलेल्या सगळ्यात लहान संघाला ते अंगठ्याएवढ्या पोराचं लाडकं नाव देतात. मी त्याला अंगठेराव म्हणायला लागले. आरिफचा संघ अंगठेराव होण्याच्या वाटेवर होता.

आणि म्हणूनच आपा रडकुंडीला आली होती. कतारमध्ये परदेशी माणसाला राहायचा परवाना लागतो, त्याला सगळे अकामा म्हणतात. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की अकामा खलास. आरिफ सुट्टीत येऊन जूनच्या शेवटी इथून परत गेला होता. कोर्स आता संपला होता. डिसेंबर संपायच्या आत परत यायचं, नझीरनं बोलून ठेवलेल्या हॉटेलात लागायचं, असं ठरलेलं. मध्येच हा चषक आला. संघ हरला की तो विमानात बसणार होता. संघ हरत नव्हता.

निघताना मी म्हटलं, "आपा, मी उद्या परत येतो की."

तिने चष्म्यावरून मला नीट पाहिलं. "येतो? तू बाई हायस का बुवा?"

आमच्या कोल्हापुरात बायका येतो-जातोच म्हणतात हे मी तिला समजावलं. तिला पटलं नाही. मला ती शेवटपर्यंत 'कोल्हापूरचे बुवा' म्हणत राहिली.

मदिनत अश शमाल

मग मी रोज नजमाला जायला लागले. सुनेला वाटलं मला ब्लाउजांचं वेड लागलंय. एका शनिवारी आपा म्हणाली की इतकी वर्षं इथे राहून तिनं या देशाचं वरचं टोक बघितलेलं नाही. तिथे मच्छीमारांची गावं होती असं नझीर सांगतो. समीरच्या मागे लागून आम्ही दोघी गाडीत बसलो आणि उत्तरेला मदिनत अश शमालला गेलो.

रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काही नाही. 'काही नाही' याला आपल्याकडे निदान एखादं बाभळीचं झाड असतं. तिथे तेही नाही. गाव लहान, दुकानं थोडी, लोक आणखी थोडे. पुढे समुद्राकाठी कोळ्यांचं एक ओसाड गाव आहे. प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, एक मशिदीचा मिनार, बाकी वारा. माणसं शहराकडे गेली ती परत आली नाहीत. समीर म्हणाला, फोटो काढा. आम्ही दोघींनीही काढला नाही.

आपा पाण्याजवळ जाऊन उभी राहिली आणि नाराज होऊन परत आली. या समुद्राला लाट नाही, म्हणाली, झोपलेला हाय. आमच्या खाडीतसुद्धा याच्यापेक्षा जास्त हालचाल असते. मग ती बांगडे, सुकट, होडीचं वल्हं असं बरंच बोलली, आणि मधूनच गप्प झाली, कारण तिकडे फ्रान्समध्ये सामना सुरू झाला होता.

गावातल्या एका मलबारी कॅफेटेरियात हामूर मासा आणि पराठा मागवला. आपाने माशाचा काटा असा अखंड काढून ठेवला की तो पुन्हा पोहला असता. मी करकचा दुसरा घोट घेतला तेवढ्यात तिचा फोन वाजला. इंटरनेटवरून फोन लावणं तिथे बंद असतं, म्हणून सगळे आवाजाचे निरोप पाठवतात. आरिफचा निरोप होता, हिंदीत. तो दोह्याचा पोर, कोकणी समजते, बोलतो हिंदी. पुन्हा जिंकले होते. आता पुढची गाठ दुसऱ्या श्रेणीतल्या व्यावसायिक क्लबशी, आणि तीही यांच्याच गावात. समीर शेजारून म्हणाला, "मुबारक, खाला." आपाने ताट पुढे सरकवलं.

परतीच्या वाटेवर तिनं मला हिशोब सांगितला. पुढचा सामना डिसेंबरच्या मध्यावर. तो हरले तर पोरगा वर्ष संपायच्या आत इथे. जिंकले तर त्यापुढचा सामना नव्या वर्षात, तोवर अकामा मेलेला. मी म्हटलं, मध्ये येऊन जाऊ दे की. तर म्हणाली, तिकडचं विद्यार्थ्याचं कार्ड संपत आलंय, एकदा बाहेर पडला की परत आत घेणार नाहीत. मुदतवाढ? नझीरची कंपनीच वर्ल्डकपची कामं उरकली की गाशा गुंडाळणार होती. नझीरलाच कधी जावं लागेल सांगता येत नव्हतं, आणि गल्ली पडली की आपाला गावी धाडायचं हे पक्कं होतं.

माझं कोल्हापुरी डोकं. मी म्हटलं, एवढं कशाला, सरळ सांगा त्याला, ये म्हणून.

गाडीत अंधार होता. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी बोलवलं तर येईल तो. आजच येईल. मग वर्ल्डकपला हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलताना टीव्हीकडं बघेल, आन म्हणेल, दादीनं बोलवलं. हरला तर आपल्या पायानं येईल. म्हणून मी त्याला कायबी बोलत नाय. मी वरच्याशी बोलतंय."

म्हणजे तिने पोराला एका शब्दाने ओढायचं नाही, असं स्वतःशी ठरवलं होतं. त्या संघाने तिच्यासाठी हरावं, एवढंच मागणं. आणि मी, लबाड बाई, तिच्या शेजारी बसून मान डोलावत होते, आणि मनातल्या मनात गणपतीला म्हणत होते, देवा, पाववाल्याला एक गोल घालू दे.

अल नस्र

त्या सामन्यासाठी मी आपाला आमच्याकडे बोलावलं, कारण समीरकडे मोठा लॅपटॉप होता. ती सांदणांचा डबा घेऊन आली. तांदळाच्या रव्याची, नारळाच्या दुधातली, गुळाच्या वासाची. हरल्यावर खायची, म्हणाली, आणि डबा फ्रिजवर ठेवून दिला.

आधी तिला नमाज पढायची होती. मी माझ्या खोलीत स्वच्छ चादर अंथरून दिली. कोपऱ्यात माझा गणपती. त्याला कपाटात ठेवू का विचारलं, तर म्हणाली, राहू दे, बसलेला हाय तो, माझं काय घेतो. तर एकाच खोलीतून त्या संध्याकाळी दोन अर्ज गेले, एकमेकांविरुद्ध.

समीरनं सामना लावून दिला आणि काही सामान आणायला बाहेर पडला. सून-नात कुणाच्या तरी वाढदिवसाला. घरात आम्ही दोघी. प्रक्षेपण क्लबचाच कुणी माणूस मोबाइलवरून करत होता. मैदान ओलं, मागे चर्चचा मनोरा, कुंपणाला टेकून सगळं गाव. थेट आमच्या कोल्हापूरसारखं, फक्त शिव्या कळत नव्हत्या. व्यावसायिकांनी लवकर एक गोल केला. आपानं डोळे मिटून हात चेहऱ्यावरून फिरवले. मी पाणी प्यायला उठले, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये. मग उत्तरार्धात आरिफ थ्रोसाठी मागे मागे गेला, कुंपणापर्यंत, एक माणूस बाजूला झाला, आणि चेंडू त्याने असा फेकला की पोस्टमनच्या डोक्याला लागून आत. मी ओरडले. आपा माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, खुर्चीचा खिळा टोचला.

एक-एक. सामना संपला. पेनल्ट्या.

आणि तो मोबाइल धरणारा माणूस भावनेच्या भरात उड्या मारायला लागला असावा. आधी आकाश दिसलं, मग चिखल, मग कुणाचा तरी बूट, मग काहीच नाही. आम्ही लॅपटॉपची सगळी बटणं दाबली. नातीची इंग्रजी गाणी लागली.

किती वेळ बसलो आम्ही तशा. आपा तसबीह ओढत होती, मणी सरकल्याचा आवाज तेवढा. मग तिचा फोन वाजला. आरिफचा निरोप. मागे हॉर्न, ढोल, माणसांचा गोंगाट. त्या गलक्यात त्याचं "दादी" ऐकू आलं, मग नुसता कल्ला, मग "बाद", मग परत कल्ला, आणि शेवटी "आता".

आपानं माझ्याकडे बघितलं. तिचा कान म्हातारा. पुन्हा लावलं. दादी. बाद. आता.

मी आयुष्यभर हा शब्द मैदानावर ऐकलेली बाई. खो-खोत गडी बाद, क्रिकेटमध्ये फलंदाज बाद, चषकात संघ बाद. पेठेतली पोरं हरून आली की दारातूनच सांगायची, बाद झालो. दुसरा काही अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. मी म्हटलं, "आपा, बाद झाले. आता येतो म्हणतोय."

ती उठली आणि तिनं मला धरलं. खारट, सुकलेल्या ओढणीचा वास, आणि तिचे खांदे हलत होते. मग तिनं डबा काढला. आम्ही दोघींनी उभ्या उभ्या सांदणं खाल्ली. ती म्हणाली त्याला निरोप धाडायचाय, तो रडत असेल, लहानपणी हरला की जिन्याखाली जाऊन बसायचा. तिचे हात गुळाने चिकट, म्हणून फोनचं बटण मी दाबून धरलं. आणि तिनं, जिनं इतके आठवडे जीभ चावून ठेवली होती, तिनं सगळं सांगितलं.

"आरिफ, रडू नको बाळा. बरं झालं हरलास. मी हेच मागत होतंय रे अल्लाकडं, रोज मागत होतंय. आता ये. मी वाट बघतंय."

मी बटण सोडलं. निरोप गेला.

थोड्या वेळानं समीर आला, बरोबर नझीर, आपाला न्यायला. दोघंही हसत. समीर दारातूनच म्हणाला की खाला, कमाल झाली, शेवटची पेनल्टी आरिफनं मारली. नझीरनं फोटो पुढे केला. चिखलात माणसांचा ढीग.

आपाला बराच वेळ कळलं नाही काय चाललंय. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "ह्याच्यात आरिफ कुठला?"

"सगळ्यात खाली आहे, अम्मी."

"दम कोंडेल त्याचा," ती म्हणाली.

समीरनं तो निरोप कानाला लावून ऐकला. त्यात होतं: दादी, हम जीत गए, अभी नहीं, बाद में आता हूँ. हिंदीत बाद म्हणजे नंतर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गल्लीतला भाजीवाला रोज 'बाद में देना' म्हणतो. पण कानाला ज्या गावची सवय त्या गावाचंच ऐकू येतं. समीरनं आपाचा निरोप पुसायला घेतला, तर त्यावर ऐकल्याची खूण आलेली होती.

आपानं उरलेली सांदणं परत डब्यात रचली, झाकण लावलं, ओढणी सारखी केली. मी दारापर्यंत गेले. लिफ्ट यायला फार वेळ लागला.

पुन्हा नजमा

आरिफचं उत्तर आलं नाही. नाताळ गेला, वर्ष संपलं, अकामा गेला. नझीर म्हणाला की आरिफ आपल्याशी, बापाशी, बोलतो, संघाचं बोलतो, खाटीक अध्यक्षानं मासळी बाजारात नोकरी आणि कागदपत्रांचं बघतो म्हटलंय, तेही सांगतो. दादीचा विषय निघाला की नेटवर्क जातं.

नव्या वर्षात त्यांची गाठ पहिल्या श्रेणीतल्या संघाशी पडली. मी नजमाला गेले. शिंप्याचं दुकान बंद झालं होतं, पाटीच्या जागी फिकट चौकोन. आपाच्या खोलीत गाद्या बांधून ठेवलेल्या. ती नमाज पढली, पण शेवटी मागायला हात वर करतात ते केले नाहीत. मीही गणपतीला सुट्टी दिली होती. मैदानावर बर्फ होता आणि आरिफचे थ्रो त्यांच्या उंच पोरांनी सहज डोक्यावर घेतले. चार-शून्य. कुणी उड्या मारल्या नाहीत, त्यामुळे या वेळी शेवटपर्यंत सगळं स्वच्छ दिसलं. सामना संपल्यावर गाव टाळ्या वाजवत होतं आणि आरिफ जर्सी तोंडावर ओढून मध्येच बसला होता.

त्या संध्याकाळी निरोप आला. "दादी, हार गए. आपकी दुआ लग गई."

तिनं तो कितीदा ऐकला. तो हसून म्हणतोय की दातओठ खाऊन, तिला समजत नव्हतं. फोन माझ्या कानाला लावून तिनं विचारलं, बुवा, तुला काय वाटतं. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. या वेळी मी माझ्या कानावर भरवसा ठेवला नाही. खरं सांगायचं तर आवाजात दोन्ही होतं.

होळीच्या आधी तिला गावी धाडलं. विमानतळावर मला जाता आलं नाही, माझंच परतीचं तिकीट होतं त्याच आठवड्यात. जाण्याआधी एकदा समीरनं गाडी नजमावरून घेतली. गल्ली होती तिथे पत्र्याचं कुंपण आणि कुंपणावर फुटबॉलचं रंगीत चित्र.

कोल्हापुरात आल्यावर फोन करायचा धीर व्हायला मला उन्हाळा उजाडावा लागला. आपाच्या घरी शेजारणीनं उचलला, मग ती आली. तब्येतीचं, आंब्यांचं, नझीरचं झालं. नझीर अजून दोह्यात होता, एका खोलीत सहा जणांत. आरिफचं तिनंच सांगितलं: मध्ये दोनदा बोलला. कार्ड झालंय, बाजारात लागलाय. पुढच्या हंगामात संघ चषकातून बाहेर पडला की सुट्टी घेऊन गावी येतो, म्हणाला. कधी, ते सांगितलं नाही, कारण ते त्याच्या हातात नाही.

मग मी जे बोलायला फोन केला होता ते बोलले. त्या बटणाचं, त्या शब्दाचं. माझ्यामुळे झालं, आपा, माफ करा, असं म्हटलं. मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी गप्प झाले तेव्हा ती म्हणाली,

"बुवा, ते ऱ्हाऊ दे. हा कप दर साली असतो ना? कंदी चालू होतो? मना आदी सांग. ह्या खेपेला मी मागायला उशीर केला, टीम अर्द्या वाटंला पोचली तवा सुरू केलं. आता पयल्या म्याचपासनं मागतंय."